वॉर्ड : आशिया-पॅसिफिक

‘‘निवडणूक? तू? कुठल्या वॉर्डातून?’’ कॅन्टीनमध्ये पहिला प्रश्न हाच.

वॉर्ड म्हणजे अख्खा आशिया-पॅसिफिक! डोमेन नावांचा कारभार बघणारी आयकॅन ही १९९८ सालची ना-नफा संस्था. तिथे साध्या नेटकरांची बाजू मांडायला १५ जणांची ॲट-लार्ज समिती असते. जगाच्या पाच विभागांतून प्रत्येकी दोघं निवडून येतात, पाच नेमले जातात. मानधन शून्य. कॉल मात्र अपरात्री. बायको म्हणते, ‘‘त्यापेक्षा सोसायटीचा सेक्रेटरी हो, पार्किंग तरी मिळेल!’’

मग हा उद्योग कशाला? आईमुळे. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतंय. मी हौसेनं तिला मराठी ई-मेल आयडी काढून दिला. एका वेबसाइटच्या फॉर्मनं तो चक्क नाकारला. आईनं चष्मा पुसला, पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. ‘‘मला नाही जमायचं रे,’’ म्हणाली. चूक फॉर्मची, शरमली ती!

प्रचारात मी हाच किस्सा सांगतो. मतदार असतात देशोदेशीच्या संघटना. अरबी, थाई लिपीवाल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. परवा कॉलवर एका बाईंनी विचारलं, ‘‘आईंचा फॉर्म भरला का शेवटी?’’

भरला, म्हटलं. माझ्या इंग्रजी आयडीवरून.