ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद

ग्रामपंचायत पर्यावरणासाठी काय करू शकते, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. झाडं आणि कचऱ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी भूजलाचा माणूस, विहिरीबद्दल लिहितो. गेल्या मे महिन्यात नगरकडच्या एका सरपंचांनी बोलावलं होतं. "साहेब, नळयोजनेचा बोअर आटला. एक पॉइंट दाखवा." मी पॉइंट दिला नाही. शिवारात तो उरलाच नव्हता. ते गाव अजून डोक्यातून जात नाही.

जमिनीखाली झरे वाहतात, नेमकी जागा सापडली की काम झालं, हा समज काही केल्या जात नाही. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की लोक कर्ज काढून बोअर घेतात, याचा मला मनापासून त्रास होतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत, तेही आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. त्याखाली अखंड पाषाण लागला की सहाशे फूट जाऊनही बहुधा धूळच उडते.

म्हणून हिशेब हवा. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर पडलं. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरू: ४० कोटी. दोन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर दिलं, तर वर्षाला चार कोटी लागतात. उसाला पाटाने पाणी देणाऱ्याला हेक्टरी दोन कोटी. म्हणजे अवघा वीस हेक्टर ऊस गावाचं सगळं मुरलेलं पाणी पिऊन टाकतो, आणि मे महिन्यात टँकर येतो तो पाऊस कमी झाला म्हणून, असं आपण म्हणतो.

शेततळ्यांबद्दल मी बोललो की सभेत आवाज चढतात, तरी बोलतो. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी अडवणारं तळं उत्तमच. पण प्लास्टिकचा कागद अंथरून, हिवाळ्यात विहिरीतून पंपाने भरलेलं तळं पाणी वाढवत नाही. सगळ्या गावाच्या खडकातलं पाणी ते एकाच्या कुंपणात आणतं, आणि जानेवारी ते मे त्यातलं मीटरभर उन्हात उडून जातं. खडकात ते उडालं नसतं. डाळिंबाच्या बागा या तळ्यांनीच जगल्या, हे शेतकऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्याच तळ्यातल्या पाण्यावर शेजारच्या उथळ विहिरीचाही हक्क होता. अनुदान देताना तळं कशाने भरणार, एवढं विचारायला हवं होतं.

हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा हाच हिशेब मांडला: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची. "तिथे पोपटराव होते," हे उत्तर ऐकून मी थकलो आहे. पर्जन्यमापक वाचायला आणि विहिरीत टेप सोडायला गावातली बारावी झालेली मुलगी पुरते. मी अशा मुली तयार केल्या आहेत. त्यांच्या वहीतले आकडे आमच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी जुळतात, याचा मला अभिमान आहे.

पंचायतीला आधारही आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, ही तरतूद १९९३ पासूनची. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना २००९ च्या भूजल कायद्याने बंदी आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तरी रात्री बोअरची गाडी येते आणि सकाळी निघून जाते. तिला अडवायला सरपंच एकटा पुरत नाही. तहसीलदारांनी फोन उचलावा लागतो.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. खडकाचा थर गावाची शीव ओळखत नाही. वरच्या गावाने ऊस सोडला आणि खालच्याने लावला, तर वरच्याचं वाचवलेलं पाणी खालच्या पंपाकडे जातं. दोन्ही ग्रामसभा एकत्र बसून एकच ताळेबंद मांडतील, अशी सक्ती करणारा अधिकारी मला आजवर भेटलेला नाही.