जवारी

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. डोळ्याला जाणवणार नाही इतका बारीक उतार त्याला दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत, घासत थरथरते, म्हणून तो झंकार उठतो. उतार बिघडला की तार नुसतीच 'टण्ण' वाजते. कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासून हा उतार पुन्हा जमवायचा, याला जवारी काढणं म्हणतात. शेवटी तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवायचा. एका क्षणी आवाज एकदम उघडतो!

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडावी, त्या जागेच्या हिशोबाने काही वरचे स्वर उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात मात्र ते खणखणीत ऐकू येतात. ही सगळी करामत त्या उताराची.

आणि हे काम करणारे कोण? मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. घासण्याचं कसब तेच, फक्त तलवारीच्या जागी घोडी आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घरातला आईचा तंबोरा. ती काळी चारमध्ये गायची. ती गेल्यावर तो बरीच वर्षं गवसणीतच होता. आता लेक गायला लागलीय, काळी पाचमध्ये. इथे पुण्यात पेठेतल्या एका कारागिरांना दाखवला. त्यांनी घोडीवर बोट फिरवलं. तारांनी खाचा पाडल्या होत्या.

"हाड पातळ झालंय. अजून एकदा जवारी निघेल, मग घोडीच बदलावी लागेल. कुठल्या सुराला काढू?"

साधाच प्रश्न, पण मला पटकन उत्तर देता येईना. सूर चढवला की तार जास्त ताणली जाते, जवारी त्या ताणाला जुळवावी लागते. म्हणजे आईच्या सुराला जमवलेला उतार घासून जाणार, त्याची पांढरी पूड होणार. नाही काढली, तर तंबोरा आईचाच राहील, पण मुका.

"काळी पाच," मी म्हटलं.

घरी आणून लावला. मला तो आवाज परका वाटला. लेकीला अर्थातच नाही वाटला, तिने डोळे मिटून सरळ षड्ज लावला. मोबाइलमधल्या तंबोऱ्याची जवारी कधी बिघडत नाही हे खरं, पण तो कुणाच्या गळ्यासाठी झिजतही नाही.

असो. तुमच्याकडे माळ्यावर, कपाटामागे एखादा तंबोरा उभा असेल, तर एकदा गवसणी काढून बघा. आणि नातेवाईकांनो, तुम्हाला आईचा तंबोरा ऐकायचा असेल तर या एकदा घरी. सूर बदललाय, एवढं मात्र सांगून ठेवते.