दीर्घ वैराचा जमाखर्च

सन 1950 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील पॉल निट्झे व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेला जो अतिगोपनीय मसुदा अध्यक्ष ट्रूमन यांच्यापुढे ठेवण्यात आला, आणि जो पुढे राष्ट्रीय सुरक्षा मंडळाचा 68 क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्धीस पावला, तो जितक्या वेळा मी वाचला आहे, तितक्या वेळा त्यात जे लिहिलेले नाही त्याकडेच माझे लक्ष गेले आहे. सोव्हिएत संघाच्या मुकाबल्यासाठी अमेरिकेने आपले लष्करी बळ विलक्षण वेगाने वाढवावे असे आग्रहाने सांगणाऱ्या त्या प्रदीर्घ मसुद्यात या वाढीला किती पैसा लागेल याचा आकडा नाही. तो जाणूनबुजून गाळण्यात आला होता. एक साल मात्र त्यात आहे, ते 1954. त्या सुमारास सोव्हिएत अण्वस्त्रांचा साठा इतका वाढेल की धोका कळसास पोहोचेल, असे भाकीत करून लेखकांनी सगळी निकड त्या सालाभोवती उभी केली होती. ट्रूमन प्रथम बिचकले. परंतु जूनमध्ये कोरियात युद्धाला तोंड फुटले, सप्टेंबरअखेर मसुद्यास मंजुरी मिळाली, आणि तेरा-चौदा अब्ज डॉलर्सच्या घरातील संरक्षणखर्च दोन-तीन वर्षांत पन्नास अब्जांच्या आसपास जाऊन पोहोचला.

शीतयुद्धकालीन राष्ट्राध्यक्षांचे मूल्यमापन सामान्यतः त्यांनी निभावून नेलेल्या संकटांवरून केले जाते. बर्लिनची नाकेबंदी, क्यूबातील क्षेपणास्त्रे, अशा प्रसंगांची मोजदाद करून कीर्तीचे वाटप होते. आयुष्याचा मोठा भाग या विषयाच्या अभ्यासात घालविल्यानंतर मला ही कसोटी अपुरी वाटते. जे वैर एका मोहिमेने मिटणारे नाही, ज्यात उद्याचा अध्यक्ष आजच्या अध्यक्षाचे देणे फेडीत बसणार आहे, त्यात नेत्याची खरी परीक्षा त्याच्या कालभानाची असते. हे किती वर्षे चालणार याचा अदमास त्याला आहे काय, आणि त्या अदमासाबरहुकूम तिजोरीवर व माणसांवर ताण किती द्यावा याचा विवेक त्याच्यापाशी आहे काय, हे पाहिले पाहिजे.

या कसोटीवर आयझेनहॉवर मला सर्वांत श्रेष्ठ वाटतात. आयुष्यभर लष्करात राहिलेल्या या गृहस्थाने सत्तेवर येताच ते कळसाचे साल बाजूस सारले; धोका एका वर्षाचा नसून अनेक दशकांचा आहे, म्हणून देशाला झेपेल असाच बंदोबस्त हवा, ही त्यांची भूमिका होती. कोरियाचे युद्ध त्यांनी जुलै 1953 मध्ये थांबविले. तत्पूर्वी एप्रिलमध्ये वृत्तपत्रसंपादकांपुढे बोलताना एका अवजड बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक गावांना विटांच्या पक्क्या शाळा मिळतील, असा रोकडा हिशेब त्यांनी मांडला. सन 1954 मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्य वेढले गेले तेव्हा हस्तक्षेपाचा तगादा लागला असता ते त्यात पडले नाहीत. सन 1957 च्या ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेल्यावर देशभर जी घबराट उसळली, तिच्यापुढे मान तुकविण्याचेही त्यांनी नाकारले. सोव्हिएत भूमीवरून गुप्तपणे उडणाऱ्या यू-2 विमानांच्या छायाचित्रांवरून प्रतिपक्षाच्या बॉम्बफेक्या विमानांचा बाऊ फुगविलेला आहे हे त्यांना कळले होते. परंतु उड्डाणे गुप्त असल्यामुळे तो पुरावा जनतेपुढे मांडण्याची सोय नव्हती, आणि दुर्बलतेचा आरोप त्यांनी निमूटपणे सोसला. क्षेपणास्त्रांत आपण मागे पडलो आहोत असे सांगत केनेडींनी 1960 ची निवडणूक जिंकली. पुढच्याच वर्षीच्या गुप्त अंदाजानुसार सोव्हिएत संघाची आंतरखंडीय क्षेपणास्त्रे पंचवीसहून अधिक नव्हती. तरीही केनेडी-जॉन्सन यांच्या राजवटींत एक हजार मिनिटमन क्षेपणास्त्रे उभी राहिली.

आयझेनहॉवर यांच्या नावे खर्चाच्या रकान्यातही मोठ्या रकमा पडतात, आणि त्या मी पुसणार नाही. फौज कमी करून अण्वस्त्रांवर भिस्त ठेवल्यामुळे त्यांच्या कारकीर्दीत हजाराच्या आसपास असलेली अण्वस्त्रे अठरा हजारांवर गेली. सन 1953 मध्ये इराणात मोसाद्देक यांना आणि 1954 मध्ये ग्वाटेमालात आर्बेन्झ यांना पदच्युत करणारी कारस्थाने वॉशिंग्टनच्या हिशेबात अत्यंत स्वस्त ठरली. पण ग्वाटेमालात पुढे छत्तीस वर्षे जे यादवी युद्ध चालले, त्यातील मृत व बेपत्तांची संख्या तेथील सत्यशोधन आयोगाने दोन लाखांवर धरली आहे. काटकसर एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा हा व्यवहार झाला. त्यांच्या विवेकाची मर्यादा नेमकी येथे आहे.

जॉन्सन यांच्याविषयी लिहिताना मन खिन्न होते. 27 मे 1964 रोजीचे त्यांचे दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित आहे. त्यात ते आपले सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना सांगतात, की व्हिएतनाम लढण्याच्या लायकीचे वाटत नाही आणि तेथून बाहेरही पडता येईलसे दिसत नाही. सकाळी आपल्या दिमतीस असलेला सहा मुलांचा बाप असा सार्जंट समोर वावरत होता; त्याला पाहून, याला मी तिकडे कशासाठी धाडू, असा प्रश्न मनात आल्याचे ते बोलून दाखवितात. ज्याला सगळे उमगले आहे असा माणूस दहा महिन्यांनी दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन उतरवितो! माघार घेणारा अध्यक्ष ही अपकीर्ती चार वर्षेही सोसण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यापायी अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन व त्यांच्या कित्येक पटींनी व्हिएतनामी माणसे मेली.

निक्सन यांनी चीनशी संधान बांधले हे चातुर्य खरे. मात्र त्याच डावापायी डिसेंबर 1971 मध्ये एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले आणि ढाक्यातील कत्तलींकडे डोळेझाक झाली, हे भारतीय वाचकाला सांगावयास नको.

ब्रूकिंग्ज संस्थेच्या 1998 च्या अभ्यासाने 1940 ते 1996 या काळातील अमेरिकी अण्वस्त्रांचा एकंदर खर्च, 1996 च्या किमतींनी, सुमारे साडेपाच लाख कोटी डॉलर्स ठरविला. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे कोलंबिया नदीलगत प्लुटोनियमनिर्मितीचा किरणोत्सारी गाळ 177 भूमिगत टाक्यांत साठलेला आहे. त्यातील कित्येक टाक्या गळल्या आहेत. ही बाकी कोणत्या अध्यक्षाच्या खाती टाकावी?

रेगन यांच्या पहिल्या कारकीर्दीतील शस्त्रवाढ आणि कर्ज मला समर्थनीय वाटत नाही. पण गोर्बाचेव्ह हा निराळा माणूस आहे हे ओळखून, स्वपक्षीयांचा रोष पत्करून, डिसेंबर 1987 मध्ये त्यांनी जो करार केला, त्याने 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली. वेळ बदलली हे ओळखणे हेही कालभानच. त्यांच्यामागून आलेल्या बुश यांनी 9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत उघडली गेली तेव्हा विजयोत्सव करण्याचे नाकारले. हा मनुष्य इतका निर्विकार कसा, असे पत्रकारांनी व विरोधकांनी त्यांना टोचले. मॉस्कोतील कडव्या लोकांच्या हाती निमित्त पडून गोर्बाचेव्ह उलथले जाऊ नयेत, हा त्यांचा विचार होता, आणि अकरा महिन्यांच्या आत, 3 ऑक्टोबर 1990 रोजी, सोव्हिएत संमतीने जर्मनी एक झाली.