नावडता राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेममालिकेतला सगळ्यात वाईट भाग कोणता, हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या लोकांपुढे टाकला की चहा गार होईपर्यंत वाद चालतो. बहुतेकांचं बोट २००४ च्या ‘वॉरियर विदिन’कडे जातं. जुनी मंडळी १९९९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’चं नाव घेतात. काहींचा राग २००८ च्या भागावर आहे, कारण त्यात माणूस मरतच नाही. मी लेव्हल डिझाइनचं काम करते. खेळाडू कुठून आत येणार, कशाने अडणार, कुठे पडणार आणि काय कळल्यावर पुढे सरकणार, याचे नकाशे आखायचे, हे माझं काम. माझं उत्तर या तिघांपैकी एकही नाही. पण ते सांगण्याआधी माझ्या गावाबद्दल बोलावं लागेल, कारण माझी मोजपट्टी तिथली आहे.

मी शनिशिंगणापूरची. नेवासा तालुक्यातलं, सोनईजवळचं हे गाव. आमच्या घरांना चौकट असते, उंबरा असतो, पण दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी आडवी टेकवायची, पडदा सोडायचा, की झालं. २०११ मध्ये युको बँकेची शाखा गावात आली ती कुलपाविना. २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं, त्यालाही पुढचं दार नाही. बाहेरगावचे पाहुणे यायचे तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, की चोरी होत नाही का? आजी एवढंच म्हणायची, “देव बघतोय ना.” हा देव म्हणजे शनी. चौथऱ्यावरच्या त्याच्या काळ्या शिळेला ना छत ना भिंती, तो उघड्यावरच उभा आहे. त्याच्या नजरेखाली कुणाच्या वस्तूला हात लावला तर त्याचं फळ भोगावं लागणार, ही जाणीव गावात दाराचं काम करते. कुणी तिला श्रद्धा म्हणेल, कुणी धाक म्हणेल. डिझाइनर म्हणून मी त्यातून एक गोष्ट घेतली: माणसाला लाकूड अडवत नाही, परिणाम अडवतो.

याची दुसरी बाजूही मी तिथेच पाहिली. दार नसलेल्या माझ्या गावात बायकांना चौथऱ्यावर चढायला मनाई होती. तिथे फाटक नव्हतं, पण आम्ही खालीच थांबायचो. का, असं विचारलं की ‘पूर्वीपासून तसंच आहे’ हे उत्तर मिळायचं. तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडचं आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयाने महिलांचा मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केला, आणि ८ एप्रिल २०१६ च्या गुढीपाडव्याला देवस्थानने चौथरा सगळ्यांसाठी खुला केला. गेममध्ये आम्ही ज्याला अदृश्य भिंत म्हणतो ती हीच. समोर मोकळं मैदान दिसतं, पाय मात्र पुढे पडत नाही, आणि कारण कुणी सांगत नाही. खेळाडूचा याहून मोठा अपमान कुठला नाही, असं मी मानते.

आता राजपुत्राकडे येते. जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने ॲपल टू संगणकावर बनवलेला पहिला ‘प्रिन्स’ १९८९ मध्ये आला. आपल्याकडे तो डॉसच्या फ्लॉपीवरून पोचला. सोनईच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की आम्ही तोच लावायचो. तासाभरात तळघरातून वर चढून राजकन्येपर्यंत पोचायचं, नाहीतर सगळं संपलं. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्या चौकटींवरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. त्यामुळे त्या इवल्याशा माणसाला वजन आलं. तो धावता धावता एकदम थांबत नाही, दोन पावलं घसरतो. पडला तर पोटात गोळा येतो.

आणि हा गेम म्हणजे नुसती फाटकं. एका फरशीवर पाय पडला की लोखंडी सळ्यांचं फाटक वर जातं आणि खटखट करत हळूहळू खाली येऊ लागतं. दुसऱ्या एका फरशीवर पडला तर ते धाडकन बंद होतं. शेकडो गेम्समध्ये अशी फाटकं असतील. इथली वेगळी का, तर प्रत्येक फाटकामागे कुणीतरी आहे. चौथ्या लेव्हलच्या शेवटी आरसा येतो, राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटून निघून जाते. हीच सावली पुढे त्याच्यासमोर औषधाची बाटली पिऊन टाकते, आणि सहाव्या लेव्हलमध्ये नेमक्या वेळी फरशीवर पाय ठेवून त्याच्या तोंडावर फाटक पाडते. आठव्यात उलटं घडतं. बाहेर जायची वाट बंद, करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, राजपुत्र नुसता उभा. आणि मग राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर धावत येतो, फरशीवर चढतो, सळ्या वर जातात. शेवटी सावली तलवार घेऊन समोर ठाकते. तिच्यावर वार केला की आपलंच आयुष्य कमी होतं. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत गेलं की दोघे एक होतात. संगणकाच्या तुटपुंज्या मेमरीत नवं पात्र बसत नव्हतं म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं पुन्हा वापरून ही सावली घडवली. जागेच्या टंचाईतून इतकी अर्थपूर्ण गोष्ट निघालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

म्हणून कुठलाही भाग तपासताना मी मनातल्या मनात त्यातली दारं काढून टाकते. सगळी फाटकं उचलली, तरी खेळाडू कशाने तरी थांबतो का? १९८९ मध्ये थांबतो. खोल पडायची भीती आहे, सरकणारं घड्याळ आहे, आपल्याच सावलीशी हिशेब बाकी आहे.

१९९९ चा ‘थ्रीडी’ या कसोटीपर्यंत पोचतच नाही. तीन वर्षांपूर्वी ‘टूम रेडर’ने मूळ ‘प्रिन्स’चीच चाल उचलून तिला तिसरी मिती दिली होती, आणि आता राजपुत्र त्याच गेमच्या मागे धावत होता. कॅमेरा भिंतीत घुसतो, उडी कुठे पडणार ते दिसत नाही. चुका ढीगभर राहिल्या. पण तो घाईत उरकलेल्या कामाचा दोष आहे, विचाराचा नव्हे. त्याच्यावर मला राग धरवत नाही.

२००३ चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केला, कथा मेकनरची. ती सुरू होते आपल्याकडे, हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर पर्शियन सैन्य चालून येतं तिथून. राजपुत्र लुटीत काळाचा खंजीर पळवतो, वजिराच्या नादाने वाळूचं घड्याळ उघडतो आणि सगळं राज्य राक्षसांनी भरून जातं. चोरी आधी आणि फळ नंतर, हे माझ्या गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खंजिराने थोडा वेळ मागे फिरवता येतो, पण वाळू मोजकी. पडून मेलात, तर गोष्ट सांगणारा राजपुत्रच म्हणतो की नाही नाही, असं नव्हतं झालं. महाराजाची मुलगी फराह त्याला सांगते की लहानपणी भीती वाटली की आईने शिकवलेला एक मंत्र ती म्हणायची, मग दार उघडायचं. तो मंत्र ‘काकोलूकीयम्’, पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं नाव. शेवटी सारा काळ उलटा फिरतो, फराह त्याला ओळखतसुद्धा नाही, आणि हा एकच शब्द त्याच्याजवळ पुरावा म्हणून उरतो. व्हिडिओ गेममधल्या दारांबद्दल मला काही शिकवायचं झालं तर मी या प्रसंगापासून सुरुवात करते.

‘वॉरियर विदिन’ला लोकांनी का झोडपलं ते मला मान्य आहे. हसरा, थोडा गर्विष्ठ राजपुत्र एकाएकी दात-ओठ खाणारा झाला, पार्श्वभूमीला हेवी मेटल वाजू लागलं, बाईच्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने पाहतो ती नजर मला आजही खटकते. त्यातलं रक्त आणि रंगढंग खुद्द मेकनरला रुचले नव्हते. तरीही मी हा भाग खाली ढकलायला तयार नाही, आणि त्याचं कारण दाहाका. राजपुत्राने काळाशी खेळ केला, मरायचा तो जगला, म्हणून काळाचा हा रखवालदार त्याच्या मागे लागतो. त्याच्याशी लढता येत नाही, निदान बराच काळ तरी नाही. रंग उडतात, सगळं करडं होतं, मागून तो येतो आणि आपण फक्त पळायचं. साडेसाती म्हणजे काय हे लहानपणापासून ऐकत वाढलेल्या मला तो दुष्ट कधी वाटला नाही. तो हिशेब चुकता करायला आलेला आहे. या पाठलागात एकही फाटक नसतं तरी मी जिवाच्या आकांताने पळाले असते.

२००८ चा भाग माझ्या ओळखीतले बरेच जण नापास करतात. एलिका नावाची सोबतीण प्रत्येक वेळी हात देऊन वाचवते, मग थरार उरला कुठे, असं ते म्हणतात. थराराची वाण आहे, हे खरं. शिवाय प्रकाशाची १००१ बीजं गोळा करत फिरणं मधेच कंटाळवाणं होतं. पण त्याचा शेवट पाहा. अहरिमानला कोंडताना एलिकाचा जीव जातो. श्रेयनामावली सुरू झालेली असते आणि गेम संपलेला नसतो. राजपुत्र आपल्याच हाताने जीवनवृक्ष तोडतो, तिला परत आणतो आणि ज्याला कोंडायला दोघांनी जिवाचं रान केलं त्या अहरिमानला मोकळा सोडतो. बटण आपणच दाबायचं असतं. खेळभर राखून ठेवलेला परिणाम तिथे एकदम अंगावर येतो. हा फसलेला भाग म्हणा हवं तर, पण तो धाडसाने फसला.

माझा नावडता आहे २०१० चा ‘द फरगॉटन सँड्स’. हॉलिवूडचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ त्या मे महिन्यात पडद्यावर येणार होता आणि त्याच महिन्यात हा दुकानांत आला. कारागिरीत खोट काढायला फारशी जागा नाही. धबधब्याचं पाणी क्षणभर गोठवायचं, त्या गोठलेल्या धारेला धरून उडी मारायची, हवेत असतानाच पाणी पुन्हा मोकळं सोडायचं, ही कल्पना सुंदर आहे आणि हातालाही गोड लागते. मग बिनसलं कुठे? ‘सँड्स ऑफ टाइम’ आणि ‘वॉरियर विदिन’ यांच्यामध्ये सात वर्षांची फट होती, तिथे ही कथा घुसवली. पुढचे भाग ठरलेले असल्यामुळे इथे राजपुत्राचं काही बिघडूही शकत नाही आणि घडूही शकत नाही. भाऊ मलिक गेल्याचं दुःख होतं, पण पुढे त्याचा ओरखडा कुठेच दिसत नाही. वाळूच्या सैनिकांचे थवेच्या थवे येतात, ते झोडपल्याशिवाय पुढची वाट मोकळी होत नाही, आणि हे वारंवार. माझ्या कसोटीने ही दारं उचलली तर खाली काहीच उरत नाही, मी सरळ चालत बाहेर पडेन. वाईट गेम विसरता येतो. हात इतके कसलेले असून बोलायला काहीच नसलेला गेम मला जास्त टोचतो, कारण आमच्या धंद्यात तसं काम रोज होऊ शकतं.

पुढे मालिका बराच काळ निपचित पडली. २०२४ मध्ये मॉन्पेलिए स्टुडिओचा ‘द लॉस्ट क्राउन’ आला, फारसी संवादांसकट. नकाशावर आपण अडलेल्या जागेचं चित्र टाचून ठेवायची त्यातली सोय इतकी विचारपूर्वक केलेली आहे की दार बंद असण्याचाही राग येत नाही. त्याच वर्षी ते पथक मोडलं गेलं.

उरला तो भाग आपल्या मातीतला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने येत असल्याची घोषणा झाली, आणि ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. हिंदुस्थानातल्या राजवाड्यापासून सुरू होणारी ती कथा महाराष्ट्रात घडवली जाणार, हे ऐकून माझ्या ओळखीतली किती पोरं हरखली होती! झलक आली आणि जगभरातून टीकेचा पाऊस पडला: चेहरे जुनाट, प्रकाश सपाट. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. जानेवारी २०२६ मध्ये ते रद्दच झालं.

‘प्रिन्स’च्या नावडत्या भागांच्या गप्पांत हल्ली या न आलेल्या भागाचंही नाव येतं, आणि तिथे मी भांडते. झलक कच्ची होती, ते मीही पाहिलं. पण एका झलकेवरून भाग ठरत नाही. मूळ गेममध्ये लढाईच्या वेळी कॅमेरा भलत्या कोनात जाऊन अडकायचा, तो सुधारला होता का? महाराजाचा तो राजवाडा २००३ मध्ये कुठल्याही पूर्वेकडच्या राजवाड्यासारखा काढलेला होता. इथल्या चित्रकारांनी त्याची चौकट, उंबरा, देवड्या कशा काढल्या होत्या? दाराच्या मंत्राचा प्रसंग त्यांनी कसा रंगवला होता? फराहचा आवाज कसा वाटला असता? माझ्या यादीत तो भाग वर बसला असता की तळाला, हे मला खेळून ठरवायचं होतं.