हॉटेलचं बिल आणि घरचा हिशोब

आमच्या घरात हॉटेलचं बिल दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा टेबलावर माझा नवरा वाचतो आणि पैसे देतो. दुसऱ्यांदा परतताना गाडीत सासूबाई वाचतात आणि निकाल देतात, "एवढ्या पैशांत घरी आठ दिवसांची भाजी आली असती!" मंडळातल्या बऱ्याच घरांत हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येत असणार. आमच्या वयाचे लोक ते हसून सोडून देतात. मी मात्र यंदा खरोखरच हिशोब मांडायचं ठरवलं. आईंचं बरोबर की आमचं?

आधी आईंची बाजू. माझे आजेसासरे नागपूरच्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली आणि कितीतरी मराठी नोकरदार कुटुंबांसारखं हेही कुटुंब टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलं. त्या घरात हॉटेल म्हणजे ज्यांना घर नाही त्यांची सोय. शिकायला आलेली मुलं, एकटे नोकरदार, प्रवासी. घर असून हॉटेलात जेवलं, तर लोक म्हणणार, बाईला बरं नाही की भांडण झालं? तेव्हा आई बिलावर बोलतात ते नुसतं पैशांबद्दल नसतं. त्यात "मी असताना कशाला?" हेही असतं.

आता काळ बदलला, हे आकडेही सांगतात. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या दर १०० रुपयांच्या खर्चात धान्यावर ३ रुपये ६४ पैसे जातात आणि पेयं व तयार खाण्यावर १० रुपये ६४ पैसे. या दुसऱ्या आकड्यात बिस्किटं-फरसाणही आहे आणि बाहेरचं जेवणही. म्हणजे गहू-तांदळाच्या जवळजवळ तिप्पट पैसा आपण आयत्या खाण्यावर घालवतो. त्याकडे एकदा नीट बघायला काय हरकत आहे?

म्हणून मागच्या महिन्यातलं एका फॅमिली रेस्टॉरंटचं बिल मी जपून ठेवलं. आम्ही पाच जण होतो: आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. पनीर बटर मसाला ३२०, मिक्स व्हेज २८०, दाल तडका २४०, जीरा राईस १९०, बारा रोट्या ४२०, दोन मसाला पापड ८०, चार लिंबू सोडा ३२०. एकूण १,८५०. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,९४३ रुपये. घरी हेच केलं असतं, तर सामान चारशेच्या आसपास लागलं असतं. आईंचा पहिला मुद्दा शंभर टक्के खरा निघाला.

पण म्हणून हॉटेलवाला लुटतो असंही नाही. या धंद्याचा ढोबळ ठोकताळाच असा, की पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांश. बाकीच्यात जागेचं भाडं, आचारी, वेटर, गॅस, वीज आणि उरलेल्या अन्नाचं नुकसान. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही, तोही त्यातच. पापड आणि सोडा यांच्यावर मात्र सगळ्यात जास्त सुटतं. आमच्या बिलात त्या दोन ओळींचे ४०० रुपये होते, आणि त्या दोन्ही गोष्टींची आठवण कुणालाच राहिली नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला, तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तो सक्तीचा करता येणार नाही असं सांगितलं. वेटरला खुशीने काय द्यायचं ते आपण ठरवायचं.

तर सामान ४००, बिल १,९४३. मधल्या पंधराशे रुपयांत आपण काय घेतलं? आईंच्या हिशोबात पनीर असतं, तेल असतं, गॅससुद्धा असतो. नसतात ते त्यांचे स्वतःचे दोन तास. पनीरची भाजी, वरण, बारा रोट्या, वर ओटा आवरणं. याचे पैसे त्या कधीच धरत नाहीत, आणि आपणही नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं; घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. ही मिनिटं फुकट धरली, तर जगातलं कुठलंही हॉटेल महागच वाटेल.

मग मी वर्षभरातल्या आमच्या सगळ्या फेऱ्या आठवून बघितल्या. पैसे वसूल झाले असं वाटलं, त्या तीनच प्रकारच्या होत्या.

एक, घरी होत नाही ते खायला. रविवारी सकाळी ठेल्यावरचा पोहा-जलेबी घ्या. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, जिरावन, आणि कढईतून समोर निघालेली जिलबी. पाच माणसांसाठी घरी कुणी जिलबीचा घाट घालत नाही. आईंच्या ओल्या खोबऱ्याच्या पोह्यांची सर त्याला नाही, पण तो पदार्थच वेगळा. जुन्या शहरातला चिमूटभर मिठाचा चहाही तसाच; घरी केला तर नुसता खारट होतो. या फेऱ्या अडीचशे-तीनशेत होतात आणि मुलं त्यांचीच आठवण काढतात. उलट पनीर बटर मसाला आम्ही घरीही करतो, आणि खरं सांगायचं तर बरा करतो.

दोन, निवांत बसायला. यासाठी न्यू मार्केटचं इंडियन कॉफी हाऊस. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. आपल्याकडची कॉफी हाऊस जबलपूरच्या कामगार संस्थेची. म्हणजे तुरेवाला फेटा बांधून कॉफी आणणारा माणूस त्या हॉटेलाचा भागीदारही असतो. तिथे एका कॉफीवर गप्पा मारत बसता येतं. त्या १,९४३ रुपयांच्या जागी मात्र पाऊण तास बाहेर थांबलो, आत गाणी इतक्या जोरात की बोलणं अशक्य, आणि पाचही जण मोबाइलमध्ये.

तीन, स्वयंपाक करणाऱ्याला सुट्टी म्हणून. इथे मला एक गोष्ट कळली. एका बुधवारी आम्ही दोघंही उशिरा सुटलो आणि आईंना घेऊन थेट कॉफी हाऊसला गेलो. त्यांचा डोसा सगळ्यांच्या आधी आला. त्या थांबल्या. मी म्हटलं, "आई, गार होईल, सुरू करा ना." त्या म्हणाल्या, "अगं, सवयच नाही. घरी डोसे असले की माझा नंबर शेवटी. तोवर तुमची पानं उचललेली असतात." आणि त्यांनी तो गरम डोसा सावकाश, बसून खाल्ला. "चटणी पातळ आहे," हे सांगायला विसरल्या नाहीत. पण त्या दिवशी आठ दिवसांची भाजी निघाली नाही.

त्यानंतर घरात बोलणं झालं. सुट्टीच द्यायची, तर त्यासाठी दर वेळी हॉटेलच कशाला हवं? लेक नववीत आहे, नवऱ्याला दोन हात आहेत. आता बाहेर खाण्याचे महिन्याला ३,००० रुपये ठरले आहेत. त्यात पोहा-जलेबीच्या दोन सकाळी आणि दोन दमलेल्या आठवड्यांतली कॉफी हाऊसची संध्याकाळ. उरलेल्या पैशांत वाढदिवसाचं एक मोठं जेवण, तेही लागेल त्या महिन्यातच. "कंटाळा आला, चला कुठेतरी" हे बंद. आणि रविवारी रात्री स्वयंपाकघर बाप-लेकीचं. आई आणि मी बाहेर बसतो. परवा पिठल्यात गुठळ्या होत्या. आईंनी दोनदा वाढून घेतलं.

तुमच्यापैकी ज्यांचं नवं लग्न झालंय, दोघंही नोकरी करताय, त्यांचा हिशोब वेगळा असेल. तुमच्याकडे रोजची थाळी मागवणंही स्वस्त पडत असेल. फक्त हिशोब मांडाल तेव्हा कुणाचे किती तास वाचले, तेही त्यात लिहा. आणि तुमच्या घरी डोसे असले की शेवटी कोण जेवतं, ते मंडळाच्या पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.