लोखंडाची नीळ

पांढऱ्या धोतराला नीळ घालतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पोलादालाही नीळ चढवता येते, असे मी घरात जाहीर केले तेव्हा सर्वांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले. निवृत्त माणसाला असली खुळे सुचायचीच, असा एकंदर भाव!

माझ्या खुळाला कारण होते. वडील मुंबईच्या एका कापडगिरणीत फिटर होते. त्यांची हत्यारे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून होती. गेल्या वर्षी ती खंडेनवमीच्या पूजेत मांडावीत म्हणून दोन दिवस आधी पेटी उघडली, तर त्यांच्या कॅलिपरवर तांबूस गंज चढलेला. मुंबईच्या दमट हवेला कशाची पत्रास?

गंज पॉलिशपेपरने घासून काढता येतो. पण उघडे पडलेले पोलाद पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजते. म्हणून ही नीळ. जुन्या घड्याळातले निळे स्क्रू तुम्ही पाहिले असतील. तो रंग वरून लावलेला नसतो. चकचकीत पोलाद तापवत नेले की साधारण २२० अंश सेल्सियसला ते फिकट पिवळे होते, मग तपकिरी, जांभळे आणि ३०० अंशांच्या आसपास निळे. पण पाणी दिलेले हत्यार असे तापवले तर त्याचे पाणी उतरण्याची भीती. तेथे बाटलीतले थंड द्रावण कामास येते.

अशा बहुतेक द्रावणांत मोरचूद आणि सेलेनियस आम्ल असते. पोलादावर तांबे आणि सेलेनियम यांचा काळसर थर बसतो. सेलेनियम १८१७ साली बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला सापडले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याने त्याचे बारसे केले. नाव शीतल, पण द्रावण विषारी! तेव्हा खिडक्या सताड उघड्या, हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि नातवंडांची रवानगी शेजारी, अशी तयारी केली.

सारी मेख तेलकटपणात असते. बोटाचा एक ठसा उरला तर तेवढी जागा कोरी राहते. कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुतला, ॲसिटोनने पुसला आणि कापसाच्या बोळ्याने द्रावण लावले. मिनिटभरात करडा रंग आला, मग निळसर काळा. धुऊन, पुसून पुन्हा लावले. असे तीन हात दिल्यावर मशीनचे तेल चोपडून रात्रभर ठेवला.

सकाळी ताईने तो पाहिला आणि आईचा अडकित्ता माझ्यापुढे धरला.

"याचेही असेच करून दे."

मी नाही म्हणालो. सुपारीबरोबर जे तोंडात जाऊ शकते, ते अडकित्त्याला लावायचे कसे? पण ताईचा चेहरा उतरला.

"बाबांच्या वस्तूंचे एवढे कौतुक, आणि आईची वस्तू म्हणजे नुसते स्वयंपाकघरातले सामान!"

हे मला लागले. कारण तिचे बोलणे द्रावणाविषयी नव्हतेच. आमच्या घरी खंडेनवमीला झेंडूची माळ पडे ती वडिलांच्या पेटीला. आईची विळी आणि अडकित्ता त्या दिवशीही कामावरच असत.

मी अडकित्ता उजेडात धरून पाहिला. गंजाचा एक ठिपका नव्हता. आईच्या मागे ताई तो रोज वापरते, पुसते, खोबरेलाचे बोट फिरवते. उलट माझ्या निळाईचा थर इतका पातळ, की तेल चुकले तर गंज त्यातूनही डोकावणार. द्रावणाने रंग येतो. राखण तेलाची आणि हाताचीच.

ताईला मी तसे सांगितले. ती काही बोलली नाही. पण खंडेनवमीच्या पाटावर कॅलिपरशेजारी मी विळी आणि अडकित्ता मांडला, तेव्हा हळदकुंकू तिनेच वाहिले.

आता कॅलिपर माळ्यावर जात नाही. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून झाले की ताई अडकित्त्याला खोबरेल लावायला बसते आणि मला हाक मारते, "अरे, तुझी ती मशीनच्या तेलाची बाटली आण!"