दहिवलीतली दुपार आणि माझी आखडलेली मान

'कुठली दहिवली?' कर्जत स्टेशनबाहेर रिक्षावाल्या काकांनी पहिलाच प्रश्न टाकला आणि मी गार! कर्जत तालुक्यात दहिवली दोन आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एक नेरळच्या बाजूला, दुसरी कर्जत शहराला चिकटून, नगर परिषदेच्याच हद्दीत. 'जवळची,' मी अंदाजाने म्हटलं. 'मग बसा की!'

वीकेण्डला कर्जतला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फार्महाऊस, पूल पार्टी नाहीतर कोंढाण्याच्या लेण्यांचा ट्रेक येतो. मी मात्र चालले होते मान दाबून घ्यायला. तीही जपानी पद्धतीने. ऑफिसातल्या खुर्चीत दहा-दहा तास बसणाऱ्या कुणालाही विचारा, मानेचं दुखणं आता डब्यासारखं रोज सोबत असतं. माझं जानेवारीपासून सुरू होतं. त्यात हल्ली उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. आईला मी 'माऊसमुळे होतं गं' एवढंच सांगितलं होतं. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. फ्रीलान्सरला ना मेडिकल लीव्ह, ना ग्रुप इन्शुरन्स. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा 'स्पावर एक मस्त फीचर करू' असं स्वतःला पटवणं सोपं गेलं.

उल्हास नदी ओलांडली की दहिवली. नवे टॉवर, त्यांच्या मध्येच उतरत्या कौलांची घरं, दारात सुकायला टाकलेले कपडे. स्पाच्या जाहिरातीत असतात तशा मेणबत्त्या, बांबू, पाण्याची खळखळ यातलं काही म्हणजे काही नाही! एका साध्या बैठ्या घराची पुढची खोली, जमिनीवर जाडसर गादी आणि पंखा. ताई पन्नाशीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं जपानमध्ये राहिल्या, तिथे शियात्सू शिकल्या. 'तेल नाही, कपडे काढायचे नाहीत. सैल कुर्ता घालून आलीस ते बरं केलंस,' त्या म्हणाल्या.

'शी' म्हणजे बोट आणि 'आत्सू' म्हणजे दाब. नावातच सगळं आलं. जपानमध्ये अंग दाबून देण्याची 'अन्मा' ही कला जुनी. पूर्वी ती बहुतेक अंध व्यक्तींच्या हाती होती. शियात्सूला आजचं रूप दिलं तोकुजिरो नामिकोशी यांनी. लहानपणी आईचे सांधे दुखायचे तेव्हा ते अंगठ्याने दाबून देत, तिथून ही गोष्ट सुरू झाली म्हणतात. १९४० साली त्यांनी टोकियोत शाळा काढली. १९५४ मध्ये हनिमूनला जपानला आलेल्या मेरिलिन मन्रोवर त्यांनी उपचार केले आणि पेपरांना विषय मिळाला. आज तिथे तीन वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परीक्षा झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, शियात्सूचं मात्र तसं नाही. पाटी कुणीही लावावी! म्हणून कुठे शिकलात, किती दिवस शिकलात हे तोंडावर विचारायला लाजू नका. ताईंना मी विचारलं. त्यांनी राग न मानता सर्टिफिकेट दाखवलं.

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतंय? मुंग्या कुठल्या बोटांना? रात्री जाग येते? हातातून वस्तू पडतात?

'हो. गेल्या महिन्यात तीन कप.'

इतक्या सहज मी हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईंनी माझे दोन्ही तळहात हातात घेतले, 'दाब जोरात' म्हणाल्या. उजवी पकड ढिली पडली ते मलाही कळलं.

'आज मी तुझ्या मानेला हात लावणार नाही,' त्या म्हणाल्या.

मी चक्रावले. अहो, दोन तास लोकलमध्ये बसून आले ती मानेसाठीच ना!

'नस दाबली गेली असेल तर मी वरून आणखी दाबून काय होईल? आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. तोवर मान मोडून देणारा कुणी भेटला तर पळ काढ. पाठ आणि पाय मात्र करते. आली आहेस तर झोपून जा.'

पुढचा तास मी पालथी. अंगठा, तळवा, कधी कोपर. दाब हळूहळू वाढायचा, थांबायचा, तसाच हळूहळू सुटायचा. जोर हाताचा नव्हताच, त्या आपलं वजन नुसतं टेकवत होत्या. कर्जतला पुण्याच्या कित्येक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिनं लागतात ना, तसं मागून कुणीतरी आपला भार उचलतंय असं वाटलं. लहानपणी बाबा पालथे पडायचे आणि मला पाठीवर चालायला लावायचे, ते आठवलं. शियात्सूचं नाव न घेता आपण घरोघरी हे करतच होतो की! नंतरचं काही आठवत नाही. मी चक्क घोरले, असं ताईंनी सांगितलं.

चहा घेताना मी त्यांना मेरिडियनबद्दल छेडलं. शरीरातून ऊर्जेच्या वाहिन्या जातात हे खरं का? 'मला शिकवलंय तसं मी दाबते,' त्या हसल्या. 'वाहिन्या मी पाहिलेल्या नाहीत.' शरीरशास्त्राच्या पुस्तकातही त्या सापडत नाहीत. मसाजने दुखऱ्या पाठीला काही काळ बरं वाटतं, इथपर्यंत संशोधन सोबत करतं. शियात्सूने आजार बरे होतात याला भक्कम पुरावा नाही. त्या दुपारी लागलेली झोप मात्र माझी होती, कित्येक महिन्यांनी लागलेली.

परतताना कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर वडापाव घेतला आणि आईला फोन लावला. कपांचं सांगितलं. ती आधी गप्प, मग भरपूर रागावली आणि सोमवारची अपॉइंटमेंट तिनेच घेतली.

एमआरआयमध्ये मानेतली एक गादी सरकलेली निघाली. ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा, म्हणाले. रिपोर्ट बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, 'कुणाकडून मान मोडून-बिडून घेतली नाहीत ना?'

'गेले होते,' मी म्हटलं, 'पण त्यांनी नाही म्हटलं.'

सध्या सहावा आठवडा चालू आहे. परवा चहाचा कप उजव्या हाताने टेबलापर्यंत नेला. खांदे आणि पाठ दाबून घ्यायला डॉक्टरांनी हो म्हटलंय, मानेला नाही. शनिवारची सकाळची लोकल पकडतेय. या वेळी काकांना आधीच सांगेन, नदीपलीकडची दहिवली.